हिशेबाच्या चोपड्यात जलरंग (बडोदे)

ओट्यावरची
रविवार, रात्री १०:४०

मंडळी, धागा काढू की नको ह्यात तीन महिने गेले. मी चित्रकार नाही. शाळेतल्या माझ्या चित्रात दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नदीपेक्षा मोठं बदक असायचं. पुढे बी.कॉम. केलं आणि रावपुऱ्यात एका स्पेअर पार्टवाल्यांकडे हिशेब लिहायची नोकरी धरली, ती अजून चालू आहे.

आमच्याकडे बडोद्यात दिवाळीला चोपडापूजन असतं. सगळा हिशेब कॉम्प्युटरवर गेला तरी पूजेला लाल कापडी बांधणीचा चोपडाच लागतो. ह्या वर्षी एक जास्तीचा आला, तो मी घरखर्चासाठी मागून घेतला. आता घरखर्चाच्या चोपड्याची गंमत अशी, की उजवीकडे नावे, म्हणजे खर्च. तिथे दूध, गॅस, रिक्षा, कोथिंबीर, सगळं ओसंडून वाहतंय. डावीकडे जमा. तिथे महिन्यातून एकदा पगार लिहायचा, बाकी सगळं कोरं. तीन आठवडे ते कोरं पान बघून वैताग आला आणि एका रात्री भाचीच्या डब्यातले वाळकुडे रंग घेऊन बसले. उजवीकडे 'कोथिंबीर १० रु.' लिहिलं होतं, तिच्यासमोर जमेत ती जुडी काढली. ती केरसुणीसारखी दिसत होती. पण दुसऱ्या दिवशी परत हात शिवशिवले.

आता शंभरेक पानं झालीत. कढईचा कान. नवऱ्याच्या चपला (डावी जास्त झिजते, हे लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळलं). खंडेराव मार्केटच्या मागून आणलेली वांगी. गॅलरीतून दिसणारी पाण्याची टाकी, सात वेळा. लक्ष्मी विलास पॅलेस एकदाही नाही. एकदा हौसेने मांडवीच्या कमानी काढायला उभी राहिले, तर एक गाय आणि दोन रिक्षा ह्यांनी मिळून मला हाकललं.

अडचणी विचारते. चोपड्याचा कागद ओला झाला की पापडासारखा उठतो आणि रंग मागच्या पानावरच्या हिशेबात उतरतो. शाईच्या पेनाने काढून रंगवलं तर सगळं निळं होतं. एप्रिलपासून दुपारी ब्रश परत पाण्यात बुडवेपर्यंत आधीचा रंग वाळून कडा पडतात. आणि माणसं कशी काढायची? ती हलतात, नाहीतर बघतात.

प्रचि (प्रकाशचित्रं) प्रतिसादात टाकते. हसा, पण मापात.

निळी शाई
रविवार, रात्री ११:१५

जमेच्या बाजूचं वाचून इथे मोठ्याने हसलो, बायको उठली.

शाईचं सोपं आहे. आपली नेहमीची फाउंटन पेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पाणी लागलं की ती परत सुटणारच. पिगमेंटची, जलरोधक शाई भरलेली बारीक टोकाची पेनं मिळतात, ती घ्या. काढल्यावर पाच मिनिटं थांबा. फक्त बाटलीतली ड्रॉइंग इंक आपल्या आवडत्या फाउंटन पेनात भरू नका. आत वाळली की पेन गेलंच म्हणून समजा. वडिलांचं एक पेन मी असंच मारलंय.

कच्चा रंग
सोमवार, सकाळी ७:०५

ताई, प्रचि पाहिली. आधी कौतुक: कढईचा कान उत्तम. कुठे थांबायचं ते तिथे कळलंय. आता भांडण.

तुमची प्रत्येक वस्तू पानाच्या बरोब्बर मध्ये, पासपोर्टच्या फोटोसारखी. चपला खाली ढकला, टाकी कडेला कापली गेली तरी चालेल. आणि सावल्या काळ्या का? काळी ट्यूब डब्यातून काढून टाका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन मिसळले की करडा मिळतो. निळा जास्त घातला तर पावसाळी करडा, तपकिरी जास्त घातला तर दुपारच्या भिंतीचा. दोन्ही पूर्ण मिसळू नका, कागदावर थोडे एकमेकांत जाऊ द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आपोआप रवाळ पोत येतो. जुन्या सिमेंटच्या टाकीला ह्याहून चांगला रंग मला माहीत नाही.

कागदाबद्दल. चित्रकलेच्या कागदाला जिलेटिन किंवा तसल्याच कशाचं तरी सायझिंग असतं, त्यामुळे पाणी वर राहतं आणि आपल्याला खेळायला वेळ मिळतो. हिशेबाच्या कागदाला शाई फुटू नये एवढ्यापुरतंच असतं. त्याच्यावर तुम्ही पूर आणताय. ३०० जीएसएमचा जाड सुती कागद घ्या. पूर्ण ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा येतो. त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे करा, प्रत्येकाची मधून घडी, दोन-दोन घड्या एकात एक घालून जाड दोऱ्याने शिवा. बत्तीस पानांची वही झाली. रावपुऱ्यात कुठलाही बाइंडर वर पुठ्ठा चढवून देईल.

टग्या
सोमवार, सकाळी ९:३०

फोटो काढा की. मोबाईल कशाला दिलाय देवाने. कोथिंबिरीचं चित्र काढेपर्यंत कोथिंबीर सुकते.

ओट्यावरची
सोमवार, रात्री १०:१०

@निळी शाई, आज आणलं पेन. आभार. तुमच्या वडिलांच्या पेनाचं वाईट वाटलं.

@कच्चा रंग, पासपोर्ट फोटो! आता मला सगळी पानं तशीच दिसायला लागली आहेत, झोप उडाली. पण वेगळी वही नको. वेगळी वही झाली की ते 'चित्र' होतं आणि मला भीती वाटते. कोथिंबिरीच्या समोर कोथिंबीर, एवढंच मला जमतं.

@टग्या, सुकलेली पण काढली आहे, पान ३४.

फोटोवरून आठवलं ते सांगते. आमच्या नाक्यावर कडुलिंबाखाली इस्त्रीवाल्या काकांची लारी आहे. अजून कोळशाची इस्त्री. मागच्या महिन्यात समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून ती काढत होते. माणूस नको, फक्त लारी, कपड्यांचे ढीग आणि इस्त्री. ते बघत होते. शेवटी आलेच. "बेन, आ शुं करो छो?" मी चोपडा पुढे केला. मला वाटलं खूश होतील. त्यांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आ मारी इस्त्री नथी."

खरंच नव्हती. मी डोक्यातली इस्त्री काढली होती, पुस्तकातली. त्यांच्या इस्त्रीच्या झाकणाची कडी कधीच तुटली आहे, तिथे तांब्याची तार पिळून बांधलेली आहे. लाकडी मुठीची एक बाजू जळून काळी पडली आहे म्हणून तेवढ्यावरच चिंधी गुंडाळलेली. चिंधी कुणाच्या तरी शर्टाची, बटण अजून आहे त्याला. माझ्या मोबाईलमध्ये त्या लारीचे पाच-सहा फोटो आहेत, दिवे लागल्यावरचे वगैरे, ग्रुपवर टाकलेले. घरी येऊन मोठे करून पाहिले. तार सगळ्यांत आहे. मी एकदाही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जाऊन परत काढली. आता काका स्वतःच इस्त्री माझ्या बाजूला वळवून ठेवतात.

केरसुणी
सोमवार, रात्री ११:००

+१ आणि बटणासाठी आणखी +१. वाखूसा (वाचनखूण साठवली).

राजवाडा ते सराफा
मंगळवार, दुपारी १:२०

इंदूरहून हजेरी. आम्ही पोह्यांवर जिरावण मसाला टाकतो, तुम्ही उसळीवर शेव टाकता, पण आपलं जुनं देणंघेणं आहे. चित्रकार ना. श्री. बेंद्रे आमचे, जन्म १९१० चा, इंदूरचा. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले. एम. एफ. हुसेनही त्याच मास्तरांकडचे. पुढे १९५० मध्ये बडोद्यात फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली तेव्हा बेंद्रे तिथे गेले आणि १९६६ पर्यंत तुमच्याकडेच राहिले. उसने दिले होते, एवढं लक्षात असू द्या.

रच्याकने (जाता जाता), सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून स्केच करायचा मी प्रयत्न केलाय. हिवाळ्यात गराडू (एक कंद) तळणाऱ्याच्या कढईसमोर. वहीच्या त्या पानाला अजून तेलाचा वास येतो आणि तेलाच्या डागावर जलरंग बसत नाही. तो डाग कसाही फिरून मोकळाच राहिला. चित्रातली सगळ्यात चांगली जागा तीच आहे.

कच्चा रंग
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

बेंद्र्यांचं खरं आहे. पण ताईंच्या चोपड्याला जवळचा वाटेल असा बडोद्यातला माणूस दुसरा आहे, भूपेन खख्खर. मुंबईचा चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ मध्ये बडोद्याला आला आणि चित्रं काढता काढता हिशेबाची नोकरीही करत राहिला. १९७२ मधली त्याची चित्रं बघा: 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डीलक्स टेलर्स'. घड्याळजी, शिंपी, त्यांच्या टपऱ्या. तेव्हा असल्या विषयांना नाकं मुरडणारे भरपूर होते. ती तैलरंगातली आहेत, पण नजर तीच.

आणि हिशेब चित्राच्या शेजारी असू द्या, माझं मत बदललं. 'वांगी अर्धा किलो ३० रु.' ह्या अक्षरांचं वजन तुमच्या वांग्याला तोलून धरतंय. वेगळी वही केली असती तर ते गेलं असतं. फक्त चांगल्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा, त्यावर रंगवा आणि जमेच्या पानावर चिकटवा. चोपडा फुगेल, म्हणून मधली काही पानं फाडून टाका.

ओट्यावरची
मंगळवार, रात्री ९:५०

चोपड्याचं पान फाडू? तीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईला सांगताय? पानांना नंबर असतात हो. फुगू दे.

विश्वामित्रीकाठ
बुधवार, रात्री १२:१०

धागा वाचत होते, लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझ्याही वह्या होत्या. नऊ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी होतं आणि ते दोन दिवस उतरलं नाही. बाहेर मगरी फिरतायत म्हणून कुणी खाली जाऊ देईना. वह्या खालच्या फळीवर.

पाणी उतरल्यावर उघडल्या तर चिखलाचे थर. पण तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते, काय टिकलं आणि काय गेलं. जलरोधक शाईच्या रेघा जशाच्या तशा. अल्ट्रामरीन जवळजवळ सगळा धुऊन गेला, मातकट रंगही पुसट झाले. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा मात्र कागदात भिनतात ना, ते राहिले. त्यामुळे माझ्या आजीचं चित्र आहे, त्यात आजी फक्त रेघांची आणि तिच्या लुगड्याचे हिरवे काठ मात्र कालच रंगवल्यासारखे. शाईच्या पेनाने लिहिलेला मजकूर पूर्ण गेला. तारखा पेन्सिलने लिहायची सवय होती, त्या वाचता येतात.

पेन्सिलने तारीख लिहा, एवढंच.

निळी शाई
बुधवार, सकाळी ८:००

काकू (वयाने लहान असाल तर क्षमा), पुढे कुणाची वही भिजली तर: प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरळ फ्रीजरमध्ये टाका. गोठली की बुरशी थांबते आणि पानं एकमेकांना चिकटून वाळत नाहीत. मग सवडीने एकेक काढून पानांत टीपकागद घालून पंख्याखाली वाळवायची. ग्रंथालयांत भिजलेली पुस्तकं वाचवायला हेच करतात. उन्हात मात्र टाकू नका, वाकडी होतात.

विश्वामित्रीकाठ
बुधवार, सकाळी ८:४०

तेव्हा वीजच नव्हती हो. पण लक्षात ठेवते. आणि काकूच म्हणा.

केरसुणी
बुधवार, दुपारी ३:००

उन्हाळ्याचं कुणीच सांगितलं नाही. मी अहमदाबादेत असते, तुमच्यासारखीच भट्टी. सकाळी साडेसातच्या आत काढते. आधी कागद स्पंजने ओला करून घेते, ब्रश मोठा वापरते. आठ किंवा दहा नंबरचा गोल, टोक बारीक होणारा. लहान ब्रशने चाटत बसलं की कडा पडणारच. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले की रंग जरा उशिरा वाळतो. पावसाळ्यात उलट, डबी ओली असताना मिटू नये, आत पांढरी बुरशी धरते. रात्रभर उघडी ठेवून जाळीचं झाकण घालायचं. मधाचे रंग असतील तर मुंग्या बोनस.

अर्धा पाव
बुधवार, रात्री ८:३०

सगळे फार गंभीर झालेत. सेवउसळीची तर्री रंगवायची कशी ते कुणी सांगा. माझी नेहमी टोमॅटो सूप होते.

कच्चा रंग
बुधवार, रात्री ९:१५

शेवटी कामाचा प्रश्न आला.

तर्री लाल नसते, तिथेच चुकता. आधी पिवळसर केशरी पातळ हात सगळीकडे द्या, पण तवंग जिथे चमकतो तिथे कागद कोरा सोडा. दाण्याएवढे वेडेवाकडे पांढरे ठिपके, पाच-सहा पुरेत. पूर्ण वाळू द्या. मग शेंदरी लालमध्ये बर्न्ट सिएना घालून दुसरा हात, हा कडेकडेने, वाटीच्या भिंतीला लागून गडद. ठिपक्याच्या एका बाजूला ह्या गडद रंगाची बारीक कड आली की तो ठिपका तरंगायला लागतो. शेव सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने. हिरवी चटणी नंतर टाकायचा मोह होईल. टाका, पण एकच थेंब, ओल्यावर, आणि पसरली तर पसरू द्या. पुढ्यातली उसळ गार होईल. दोन प्लेट मागवायच्या. एक मॉडेल, एक खायला.

अर्धा पाव
बुधवार, रात्री ११:५०

मॉडेलपण खाल्लं. पण ठिपके तरंगले!!! प्रचि खाली. डाग खरा आहे.

हडसनपार
गुरुवार, पहाटे ५:३०

नमस्कार. मूळ दांडिया बाजारचा, आता न्यू जर्सीत चोवीस वर्षं. ओट्यावरची ताई, एक मागणं आहे, अगोचरपणा वाटला तर सोडून द्या. तांबेकर वाड्याच्या अलीकडच्या गल्लीत आमचा वाडा होता. पाडून तिथे फ्लॅट झालेत, मला माहीत आहे. आमच्या पुढच्या दगडी पायरीवर सोगट्यांचा पट कोरलेला होता, आम्ही त्यावर चिंचोके मांडून खेळायचो. कधी त्या बाजूला गेलात तर तिथे आता काय आहे ते काढाल का? गूगलवर फक्त पार्किंगचं गेट दिसतं.

ओट्यावरची
गुरुवार, रात्री १०:००

अगोचरपणा कसला. रविवारी जाते. तांबेकर वाडा बघायचा राहूनच गेलाय, शाळेतून नेलं होतं तेव्हा भिंतीवरच्या चित्रांपेक्षा डब्यात लक्ष होतं.

ओट्यावरची
रविवार, दुपारी २:१५

जाऊन आले. आधी तांबेकर वाड्यात शिरले. एकोणिसाव्या शतकातली ती भिंतीवरची चित्रं, कृष्ण, गोपी, मधेच टोपीवाला साहेब. अर्धा तास मान वर करून मान दुखली.

मग तुमची गल्ली. गेट आहे, वॉचमन आहे, ओळीने स्कूटर आहेत. पायऱ्या नाहीत. परत फिरणार होते, तेवढ्यात रॅम्पच्या कडेला एक लांब काळा दगड दिसला. रॅम्प खचू नये म्हणून आडवा टेकवून ठेवलाय. पुढची कड पायांनी झिजून गोल झालेली, नव्या बांधकामातली नाही हे उघड आहे. तुमचीच पायरी असं मी म्हणत नाही. वॉचमनला विचारलं, तो दोन वर्षांपूर्वी आलेला.

तिथेच वॉचमनच्या स्टुलावर बसून काढला. कागद चांगला, कच्चा रंग ह्यांनी सांगितलेला. दगडाला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. ह्या वेळी मध्यभागी नाही, बघा! डावीकडे खाली, वर स्कूटरचं चाक कापलेलं. उजव्या पानावर: रिक्षा ४० रु., वॉचमनचा चहा १० रु.

हडसनपार
रविवार, संध्याकाळी ७:००

ताई, काय लिहू. झिजलेली कड बघून मला वाटतंय तीच. तिथे बसून आजोबा पेपर वाचायचे.

एक करता येईल का, दगडावर तो पट काढून द्याल? फ्रेम करून घेईन.

ओट्यावरची
रविवार, रात्री ९:३०

नाही हो, तेवढं नाही जमणार. वरच्या बाजूला सिमेंट चोपडलंय, पट असलाच तर त्याच्याखाली आहे. मला दिसला नाही. इस्त्रीवाले काका डोळ्यांसमोर येतात.

पण वर तीन बोटं जागा कोरी आहे. स्कॅन पाठवते, छापून घ्या आणि तुम्हीच काढा.

टग्या
रविवार, रात्री १०:०५

मी मघाशी आमच्या दारातली चप्पल काढली. कुणाला दाखवणार नाही. डावीच झिजलेली आहे.

कच्चा रंग
सोमवार, सकाळी ७:१०

दगड झकास. स्कूटरच्या चाकाची सावली मात्र चुकली आहे, बारा वाजता एवढी लांब पडत नाही.

ओट्यावरची
सोमवार, सकाळी ७:४०

सव्वानऊला काढलंय. खाली पेन्सिलने लिहिलंय, चष्मा लावा.

हडसनपार
मंगळवार, पहाटे ४:५०

काढला. पेन्सिलने, सहा वेळा खोडून. पट अधिकच्या चिन्हासारखा होता हे नक्की, पण एका हाताला किती घरं ते आठवेना. बहिणीला नाशिकला फोन लावला, तिला वेगळंच आठवतंय. शेवटी तिचं तिने काढून पाठवलं, माझं मी काढलं. दोन्ही चिकटवतोय.

ब्रश आठ नंबरचा म्हणालात ना? गोल की चपटा?